पाचव्या ओळीत बांधता येत नाही

"पाचव्या ओळीत काहीच ठेवता येत नाही. बिघाड आहे का?"

माझ्या खेळावर आलेली ही पहिली प्रतिक्रिया. मी कट्टा गावच्या स्टॉपवर ओरोसच्या गाडीसाठी उभी होते. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात फोन. लिहिणारा पोलंडचा होता. पोलंडमध्ये बसून कुणीतरी आमच्या काजूच्या कारखान्यात अर्धा तास घालवला होता, आणि त्याला पाचव्या ओळीत पट्टा टाकायचा होता. मला इतका आनंद झाला की गाडी येऊन समोर थांबली तरी मी फोनकडेच बघत राहिले. शेवटी कंडक्टर ओरडला, "ओ मॅडम, येवचा नाय काय?"

हा खेळ मी एका गेम जॅमसाठी केला होता. जॅम म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर आईसारखा गोंधळ होईल. जगभरचे खेळ करणारे हौशी लोक इंटरनेटवर जमतात, एक विषय दिला जातो, आणि चार दिवसांत ज्याने-त्याने आपला खेळ तयार करून तिथे ठेवायचा. मग सगळ्यांनी एकमेकांचे खेळ खेळायचे, गुण द्यायचे, मतं लिहायची. बक्षीस वगैरे काही नाही. मी ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात लोकांचे अर्ज संगणकावर भरते. खेळ करणं हे व्हिडिओ बघून शिकलेलं माझं खूळ. आईला हे सगळं समजावलं तेव्हा तिने विचारलं, "मगे शेवटाक गावता काय?"

"लोक आपला मत देतत."

"मत आमी पण देतो दर पाच वर्सांनी. आमका काय गावला?"

या वेळचा विषय होता 'जागा कमी आहे'. विषय वाचला आणि माझ्या डोळ्यांसमोर बाबांचा कारखाना उभा राहिला. शनिवार-रविवार आणि पुढे दोन रजा टाकून मी तो खेळ केला. चौकटींची पाटी, तिच्यावर यंत्रं मांडायची, पट्टे जोडायचे, एका टोकाने काजूची बी आत आणि दुसऱ्या टोकाने सोललेला गर बाहेर. पाच पातळ्या. खेळ जगासाठी म्हणून ठेवला, पण खरं सांगायचं तर तो एकाच माणसासाठी केला होता. माझ्या मोठ्या भावासाठी. दादा आखातात असतो, एका प्रचंड गोदामात, आणि तिथे माल वाहणाऱ्या पट्ट्यांची देखभाल बघतो. पहिल्याच दिवशी मी त्याला दुवा पाठवला. त्याने पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आणि पुढे काही नाही.

बाबांचा कारखाना म्हणजे दोन शेड. खालच्या शेडमध्ये बिया वाफवायच्या आणि रात्रभर पसरून थंड करायच्या. वरच्या शेडमध्ये त्या फोडायच्या, गर भट्टीत वाळवायचा, सोलायचा, आणि अख्खा, पाकळी, तुकडा असा निवडायचा. वाडीतल्या बारा-पंधरा बायका हातांना राख आणि खोबरेल चोळून कामाला बसायच्या, कारण काजूच्या टरफलाचं तेल कातडी सोलून काढतं. या दोन शेडच्या मधून एक वाट जायची. फार रुंद नाही. डोक्यावर हारा, म्हणजे मोठी टोपली, घेतलेल्या दोन बायका एकमेकींना धक्का न लावता जातील एवढी. ती देवचाराची वाट.

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. तो आपल्या ठरलेल्या वाटेने गावाची फेरी मारतो, आणि त्या वाटेवर कुणी खांब रोवत नाही, भिंत घालत नाही, चूल मांडत नाही. घर बांधताना लोक तेवढी जागा सोडून बांधतात. त्यासाठी कुणी पाटी लावत नाही की कागद करत नाही. मी विज्ञानाची पदवीधर आहे; मला विचाराल तर देवचार नाही. पण त्या वाटेवर मी आजवर सायकलसुद्धा आडवी लावलेली नाही.

दादा पदविका करून आला आणि वर्षभर रेडीच्या बंदरावर कामाला होता. तिथे पट्ट्यांवरून जाणारं खनिज बघून त्याचं डोकं फिरलं. माणसाने ओझं उचलायचं हे त्याला पापच वाटायला लागलं. त्याच पगारातून त्याने घरात जुना संगणक आणला, आणि आम्ही दोघं त्याच्यावर कोडी सोडवायचो. पाइप जोडा, खोके ढकला, असले खेळ. माउस त्याच्या हातात, बाण माझ्या हातात. मी चुकले की तो माझा हात बाजूला सारायचा आणि म्हणायचा, "सर गो, आंधळे." मी दहावीत होते. त्या 'आंधळे'साठी मी मुद्दाम चुकायचे हे त्याला अजून माहीत नाही.

मग एका पावसाळ्यात खालच्या शेडमधून वर येताना एका बाईचा पाय घसरला आणि हाराभर बिया चिखलात गेल्या. दुसऱ्या दिवशी दादाने आलेखाच्या कागदावर आराखडा काढून बाबांपुढे ठेवला. दोन्ही शेड जोडायच्या, वर पत्रे, मधून सरळ पट्टा. बाबांनी कागद बघितला, घडी घातली आणि म्हणाले, "वाट बांधूची नाय."

"नको तर नको, पण कित्याक ता तरी सांगा. मी काय ल्हान पोर?"

"वाट ती वाट."

"मगे तेका सांगा, पंधरा पावलां वाकडो जा! बायलां दिवसभर भिजतत, तेका पंधरा पावलां जास्त चलूक काय झाला?"

सोलायला बसलेल्या बायकांपैकी एक-दोघी हसल्या. तेच वाईट झालं. माणसांपुढे हसं झालेलं बाबांना कधी खपलं नाही. दादाही इरेला पेटला होता. तो म्हणाला, "म्हणजे तुमका पोरापरीस ती वाट मोठी?"

बाबा म्हणाले, "होय."

एवढंच. शेडमध्ये बिया फोडायच्या कात्रीचा आवाजसुद्धा थांबला. दोन महिन्यांत दादा आखातात गेला. पुढे दर रविवारी तो आईला फोन करायचा. बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकायचे, पण फोन कधी त्यांच्या हातात गेला नाही. त्याने मागितला नाही, यांनी हात पुढे केला नाही. दोन वर्षांनी बाबा एका सकाळी चहा पिता पिता गेले. दादाला यायला तीन दिवस लागले, अग्नी चुलत भावाने दिला. तेराव्याचं जेवण झालं आणि दादा परत गेला, तो आजतागायत आलेला नाही. याला सहा वर्षं झाली. कारखाना वर्षभर मी आणि आईने कसाबसा ओढला आणि मग बंद केला. यंत्रं गेली, शेड राहिल्या, वाटेवर गवत आलं.

आता दादा मला फोनवर विचारतो, "बरां मां?" मी म्हणते, "बरां." तो म्हणतो, "आयेक दी." आमचं बोलणं याहून जास्त लांबत नाही. त्याच्याकडून गणपतीला मोदकाचं चित्र येतं, दिवाळीला पणतीचं. मला मोदकाचं चित्र नको होतं. मला माझा भाऊ हवा होता, शेजारी बसून माझा हात बाजूला सारणारा. हे मी त्याला कसं सांगणार? म्हणून चार दिवस बसून पट्ट्यांचा खेळ केला. पट्टे बघून तरी तो काहीतरी बोलेल, चुका काढेल, शिव्या घालेल, असं मला वाटलं. बोलायला विषय नसला की माणूस असले उपद्व्याप करतो.

तर ती पाचवी ओळ. खेळाची पाटी नऊ ओळींची होती, आणि त्यातल्या पाचव्या ओळीत यंत्र किंवा पट्टा ठेवता येणार नाही, फक्त हारे घेतलेल्या बायका तिथून ये-जा करू शकतील, असं मी लिहून टाकलं होतं. लिहिताना माझ्या मनात विचारसुद्धा आला नाही. दोन शेड आहेत म्हणजे मधे वाट असणार आणि वाटेवर कोण बांधतं? तिला वेगळा रंग दिला नाही, सूचना लिहिली नाही, खूण केली नाही. गावात तरी कुठे खूण असते! खेळणाऱ्याच्या पाटीवर ती ओळ बाकीच्या आठांसारखीच दिसत होती, आणि तिथे पट्टा टाकायला गेलं की पट्टा मुकाट्याने नाहीसा होत होता.

आठवड्याभरात पन्नासेक प्रतिक्रिया आल्या आणि त्यातल्या निम्म्या त्या ओळीवर होत्या. "बिघाड." "पाचवी ओळ मोडलेली आहे." "पाचव्या ओळीचं काय?" उरलेल्या निम्म्यांनी मला खूप करमणूक पुरवली. वाफवल्यावर बिया रात्रभर थांबवाव्या लागतात, तेव्हा 'थांबणं वगळा' असं बटण द्या, असं एकीने सुचवलं. आमच्या बायकांना कुणी असं बटण दिलं असतं तर त्यांनी माझी ओटी भरली असती. हारे घेतलेल्या दोन बायका वाटेत समोरासमोर आल्या की दोन क्षण थांबतात, हा चालण्याच्या हिशेबातला दोष आहे, असं एका जपानी माणसाने फार सभ्यपणे कळवलं. तो दोष नव्हता. त्या बोलायला थांबायच्या. ते थांबणं मी मुद्दाम, मोजून घातलं होतं. एकाने तिसऱ्या पातळीवर खेळ सोडून दिला आणि 'रचना सदोष' असं लिहिलं. नाचता येईना, अंगण वाकडं. ब्राझीलच्या एका मुलीने विचारलं की तुम्ही फळाचं काय करता, आमच्याकडे फळाचा रस पितात. मी तिला बोंडूबद्दल सविस्तर लिहिलं, तोंडाला कशी खाज सुटते तेही. ती मला अजूनही अधूनमधून काहीबाही विचारते.

हे सगळं मी येता-जाता गाडीत वाचायची. प्रत्येक नवी प्रतिक्रिया आली की वाटायचं, दादा असेल. नाव उघडून बघायची तर कुणी कॅनडाचा, कुणी कोरियाचा. सगळ्या जगाला माझ्या खेळाबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. ज्याच्यासाठी केला तो मात्र मूग गिळून बसला होता.

पोलंडवाल्याला मी शेवटी उत्तर दिलं. 'ती वाट आहे. तिथे बांधत नाहीत.' त्याने विचारलं, 'कुणाची वाट?' मी सरळपणे लिहिलं, 'गावाच्या राखणदाराची. तो दिसत नाही.' आणि तिथे मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सगळे भुताच्या मागे लागले. भूत कितव्या पातळीवर येतं? भुताला वेग किती? भूत दाखवलं असतंत तर पाचपैकी पाच दिले असते! माझं टाळकंच सरकलं. आमचा देवचार काय सर्कशीतला आहे? मी ते उत्तर पुसून टाकलं आणि दोन दिवस पान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी उघडलं तर एक लांबलचक मत येऊन पडलं होतं. लिहिणारा कुठला होता ते त्याने लिहिलं नव्हतं. त्याने पाचही पातळ्या सोडवल्या होत्या, खेळ आवडल्याचं सांगितलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: 'ओळ बंद असण्याला माझी हरकत नाही. पण का बंद आहे हे न सांगता अडवलंत, याचं वाईट वाटलं. कारण कळलं असतं तर मी आनंदाने वळसा घेतला असता.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. गाडी कसालच्या पुढे गेली होती. हे तर दादाने बाबांना विचारलं होतं, जवळजवळ याच शब्दांत. कित्याक ता तरी सांगा. तेव्हा मी बाजूला उभी होते आणि मनातून बाबांच्या बाजूची होते. कारण विचारतो काय, एवढंही कळत नाही काय, असं मला वाटलं होतं. आणि आता त्याच बाबांसारखी मी जगातल्या पन्नास माणसांना काहीही न सांगता अडवून बसले होते. मला पहिल्यांदा दादाची बाजू कळली. कळायला आठ वर्षं आणि एक अनोळखी माणूस लागला याची लाजही वाटली.

गुणांची मुदत संपल्यावर खेळात बदल करायची मुभा असते. मी एक अट पुसली आणि पाचवी ओळ उघडली. एका ओळीचं काम, मिनिटसुद्धा लागलं नाही. बाबांच्या डोळ्यांदेखत काहीतरी मोडल्यासारखं वाटलं, पण म्हटलं, दादाला हवा होता तसा कारखाना निदान पडद्यावर तरी होऊ दे. लोक खूष झाले. सरळ पट्टे टाकून त्यांनी माझी सगळी कोडी चुटकीसरशी सोडवली आणि आपापल्या मांडणीची चित्रं लावली. मीही सगळ्यांना 'वा, छान' म्हणत सुटले.

त्या शनिवारी दुपारी मी पडवीत बसून अशीच एक मांडणी बघत होते. आई शेजारी सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान लांब करून पडद्याकडे बघितलं. खालची शेड, वरची शेड, भट्टी तिने लगेच ओळखली. मग तिचं बोट मधल्या पट्ट्यावर आलं.

"ही वाट मां?"

"होय."

"बांधलंस?"

"मी खंय बांधतंय? उघडून दिलंय. लोकांनी बांधल्यानी."

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग साध्या आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाशीन पण उघडलेल्यान."

मला वाटलं तिचं काहीतरी चुकतंय. पण आईचं काही चुकत नव्हतं. दादा गेला त्याच वर्षी, गणपतीच्या आधी, बाबा एकटेच देवळात गेले होते. त्यांनी गुरवाला कौल लावायला सांगितला. आमच्याकडे असलं काही हलवायचं तर आधी देवाला विचारतात; मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडली तर होकार. बाबांनी काय विचारलं होतं तेही आईला पाठ होतं. "म्हाराजा, माझो झील म्हणता तां खरां आसा. बायलां भिजतत. तुका पंधरा पावलां वाकडा जावचा पडतला, जाशीत काय?"

"मगे?"

"उजवो दिल्यान."

बाबांनी नारळ दिला. वरच्या शेडच्या मागून गवत कापून, दगड बाजूला करून पंधरा पावलांची नवी वाट स्वतः काढली. मला आठवलं, बाबा त्या पावसात कोयती घेऊन मागे काहीतरी करत असायचे. मी समजत होते गुरांसाठी गवत कापताहेत.

"मगे दादाक सांगितलंस कित्याक नाय?" मी जवळजवळ ओरडले.

"तेंनी सांगूक दिल्यानी नाय. म्हणाले, माझ्या तोंडातसून 'होय' गेला, माझ्याच तोंडान परत घेवचा. तो येवंदे." आईने सूप खाली ठेवलं. "तो इलो तेवा सांगूचो माणूस नाय होतो. आणि मी काय सांगतलंय? पोर आधीच अर्धा झालेला. तां ऐकून तेचा काळीज फाटला असता."

मी आईवर इतकी चिडले की त्या रात्री तिच्या हातचं जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राग उतरला आणि उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. दोन वर्षं प्रत्येक रविवारी बाबा त्या खुर्चीत एक वाक्य तोंडात धरून बसले होते, आणि मी त्यांना म्हणायचे, बाबा, जरा सरा, मला केर काढायचाय.

हे दादाला सांगायचं की नाही, यावर मी सकाळभर स्वतःशी भांडत होते. सांगितलं तर तो कदाचित घरी येईल. किंवा हे आठ वर्षं दडवलं म्हणून कायमचा तुटेल. दोन्ही मला तितकंच खरं वाटत होतं. दुपारी त्याच्या फोनची वेळ झाली. तो नेहमी आईच्या फोनवर करतो. त्या दिवशी माझा वाजला.

'बरां मां' नाही, काही नाही. "गो, ती पाचवी ओळ कित्याक उघडलंस?"

"तू खेळलंस?"

"पयल्या दिवसापासून खेळतंय. पाचय पातळ्यो सोडवलंय, ओळ बंद होती तेवाच. काल परत बघतंय तर सगळ्यांनी वाटेर पट्टे टाकल्यानी, आणि तू तेंका शाबासकी देतंस? लाज नाय?"

"मगे एक अक्षर लिवलंस कित्याक नाय?"

"काय लिवतलंय? ती दोन बायलां मधी थांबान बोलतत, तां बघी ऱ्हवलंय."

पण भांडायची खोड जात नाही. म्हटलं, "तुकाच होयो होतो थंय पट्टो."

"तेवा होयो होतो." त्याच्या मागे गोदामातल्या पट्ट्यांची घरघर ऐकू येत होती. ड्यूटीवरूनच बोलत होता. "हयसर सगळा सरळ आसा गो. आठ तास पट्ट्यावांगडा चलतंय, मधी एक माणूस आडवो येणा नाय. बाबांचा बरोबर होता. ती ओळ बंद कर. बाबांनी कधी उघडल्यानी नसती."

मी आईकडे बघितलं. दादा घरघरीवरून मोठ्याने बोलत होता, तिला सगळं ऐकू जात होतं. तिने मान हलवली, नको. पण दादा इतका उशिरा, इतक्या लांबून चालत बाबांच्या बाजूला येऊन उभा होता, आणि बाबा कधीच त्याच्या बाजूला गेलेले होते. मला ते सहन झालं नाही. मी फोनचा स्पीकर लावला आणि म्हटलं, "बाबांनी उघडलेली, दादा." कौल सांगितला, पंधरा पावलं सांगितली, उजवी पाकळी सांगितली, कोयती सांगितली. एका दमात सांगितलं, थांबले असते तर रडले असते.

पलीकडची घरघर लांब गेली; तो पट्ट्यांपासून बाजूला आला असावा.

"खोटां सांगू नको."

"आये हयसरच आसा. तिका विचार."

"दहा दिवस," दादा म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "दहा दिवस मी त्या वाटेर खुर्ची टाकून बसलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याक वाटा होता, बापासाठी बसलो. मी बसलेलंय कोणतरी येयत आणि सांगीत म्हणून, की तुझो बापूस शेवटाक तुझ्याबद्दल अमुक बोललो. शिवी घातल्यान म्हणून सांगितला असता तरी चलला असता. एक माणूस इलो नाय."

मी त्या दहा दिवसांत त्याला तिथे जेवणाचं ताट नेऊन द्यायची, आणि ताट ठेवून परत यायची.

आई उठली. तिने पदराला हात पुसले, माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही हातांत धरून तोंडाजवळ नेला. तिला स्पीकरवर मोठ्याने बोलायची सवय आहे, पण त्या दिवशी ती हळू बोलली.

"झिला, बाबांनी सांगूक ठेवलेली गजाल माझ्याकडे ऱ्हवली. तेंच्याच शब्दांनी सांगतंय, ऐक. वाट मी सरकवलंय. तू ये आणि बांध."

पलीकडे कुणीतरी दादाला दुसऱ्याच भाषेत हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

"परत एकदा सांग, आये," तो म्हणाला.

आईने परत सांगितलं.